मामंजींची तिसरी उशी

"सून गुणाची हाय गो, पण मुकी मिळाली!"

सत्यवतीबाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या. त्यांची कुजबूज बंदरापर्यंत जाते, त्यामुळे चुलीपाशी बसलेल्या सुनेला, शकूला, ती ऐकू गेली. मलाही.

मी शकूची उशी बोलतेय. जन्म तिच्या माहेरचा, पावस गावचा. पोटात सावरीचा कापूस, अंगावर तिने भरलेले दोन पोपट. लग्नात मिरवत आले आणि तिची हळद उतरायच्या आत सासऱ्यांच्या डोक्याखाली गेले.

गंगारामभाऊंनी उभा जन्म लाँचच्या इंजिनाचा आणि विड्यांचा धूर गिळलेला. छातीत जुना दमा. सपाट झोपवत नाही, म्हणून दोन उशांवर मी तिसरी. दुपारी उठले की गालावर पोपट उमटलेले!

घोरणं असं, की मांजर सुकटीकडे फिरकत नसे. मधेच ते बंद पडे. घोरणं थांबलं म्हणजे माणूस जागा, असा घरचा कायदा. बाई लगेच ओरडत, "उठलात? चा घ्या!"

भाऊ दचकून धापा टाकत उठत. "झोपलोय कुठं मी?"

मला मात्र कळे. तेव्हा छाती वरखाली व्हायची, पण नाकातून वारा म्हणून यायचा नाही. शकू मासे साफ करता करता त्यांचे निळे पडणारे ओठ बघायची. सांगायला तोंड उघडायची, तर बाईंचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असे.

एका दुपारी डॉक्टर घरी आले.

"सकाळी डोकं ठणकतं. झोप म्हणून नाय," भाऊ म्हणाले.

"नाय कशी? अख्खी वाडी जागवतात!" बाई.

डॉक्टरांनी पेशंटवर विश्वास ठेवला आणि पिशवीतून झोपेच्या गोळ्या काढल्या. तेवढ्यात भाऊ माझ्यावर टेकल्या टेकल्या घोरू लागले. मग घोरणं थांबलं.

"बघा, जागेच हायत," बाई म्हणाल्या.

शकूने डॉक्टरांची बाही ओढली आणि भाऊंच्या ओठांकडे बोट केलं. डॉक्टर वाकले. ओठ निळे, श्वास नाही. अखेर नाकातून एक मोठा फुत्कार, आणि भाऊ उठून बसले. "मी जागाच होतो!"

डॉक्टरांनी गोळ्या घाईघाईने पिशवीत टाकल्या. "फुप्फुसं आधीच थकलेली, त्यात झोपेत श्वास अडतो. ही गोळी जिवावर बेतली असती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात यांना झोपवून तपासायला हवं."

बाई शकूकडे वळल्या. "तुला ठाव होतं? मग इतके दिवस बोललीस का नाय गो?"

शकूने पदर सावरला.

"आत्याबाई, मामंजी मधे मधे थांबतात तरी. तुम्ही थांबायची वाट बघत होते."