झऱ्याला लोखंड
माझा पुतण्या पुष्कर सांगलीला सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. परवा फोनवर म्हणाला, काका, शाश्वत विकासावर निबंध लिहायचाय, दोन मुद्दे सांगा. मुद्दे! अरे गाढवा, नुसते मुद्दे असते तर मी इतकी वर्षं असा तळमळत राहिलो असतो का? फोन आपटला. आता लिहून पाठवतोय. तुझ्या सरांना आवडो न आवडो.

एक्याण्णव साली मी मेढ्याला ज्युनिअर इंजिनिअर होतो. वरच्या डोंगरातल्या एका वाडीतून मनुबाई पायी चालत ऑफिसात आल्या. आदल्या पावसाळ्यात त्यांची अडलेली सून डोलीतून खाली आणताना वाटेतच दगावली होती. रस्ता द्या, एवढंच मागणं. मी तरुण, रक्त गरम. पुढच्या पावसाळ्याआधी रस्ता देतो, असा शब्द देऊन बसलो.

पाहणीला गेलो तर त्यांनी गूळपाणी पुढं केलं. झऱ्याचं पाणी, काय गोड! तांब्या तोंडाला लावून अर्धा प्यायलो आणि तसाच हंड्यावर ठेवायला गेलो. बाई खेकसल्या, उष्टं पाणी हंड्याला लावत्यात व्हय, आईनं शिकवलं न्हाई? तांब्या हिसकून उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं. मला हसू आलं.

झरा वाडीच्या वर, कातळाखाली. सदुसष्टच्या कोयनेच्या भूकंपात वाडीतली घरं पडली, पण झरा हलला नव्हता. दर चैत्रात अख्खी वाडी मिळून तो साफ करायची, तेही नुसत्या हातांनी. पहार, कुदळ, साधा विळासुद्धा तिथं न्यायचा नाही. झऱ्याला लोखंड लावायचं नाही, ही त्यांची रीत.

रस्त्याची आखणी झऱ्याच्या वरच्या अंगानं, चाळीस मीटरवरून जात होती. आमचे सुरुंगवाले जैनुद्दीनभाई म्हणजे तीस वर्षं खडक फोडलेला माणूस. त्यांनी कातळावर हातोडी मारली, कान लावला आणि म्हणाले, साहेब, हा दगड आतून भेगाळलेला आहे. सुरुंग नको, छिन्नीनं काढू, फार तर एक पावसाळा जास्त जाईल. मनुबाईंचंही तेच म्हणणं.

“येवढी वर्सं थांबलो, आनखी एक थांबतो आमी,” त्या म्हणाल्या. “पर तिथं सुरुंग नगो, सायेब.”

मी ऐकतोय होय! चाळीस मीटर म्हणजे पुष्कळ झालं, आणि बाकी सगळी अंधश्रद्धा, असं त्या बाईला चारचौघांत सुनावलं. दिलेला शब्द पाळायचा होता ना मला. खरं सांगू, शब्दापेक्षा मिरवायची हौस जास्त होती. त्या कातळातून पाणी येतं कुठून, हे मी एकदाही तपासलं नाही. कॉलेजात शिकलो होतो, तरी नाही.

मे महिन्यात सुरुंग उडाले. चौथ्या दिवशी झरा गढूळ झाला, आठव्या दिवशी धार करंगळीएवढी उरली, मग तीही गेली. जैनुद्दीनभाई कोरड्या कातळाला कान लावून बसले ते उठेचनात. पावसाळ्यात पाणी आलं, पण भलतीकडूनच, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीतून, आणि गटारानं खाली वाहून गेलं. रस्ता मात्र वेळेत झाला. फीत कापली, मला हार घातला.

पुढं माझी बदली झाली. तिकडं पाऊल टाकायची छाती झाली नाही. गेल्या एप्रिलमध्ये एकदाचा गेलो, एसटीनं, माझ्याच रस्त्यावरून. वाटेत रिकामा टँकर खाली उतरत होता. वाडीत निम्म्या घरांना कुलपं. पाण्यापायी माणसं साताऱ्याला, मुंबईला निघून गेलेली. मनुबाई ओट्यावर एकट्याच. वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं रे. त्यांनी आत जाऊन गूळ आणला, तांब्या आणला.

“प्या, सायेब. आजच टँकर यून गेलाय.”

कसाबसा अर्धा तांब्या प्यायलो आणि खाली ठेवला. बाईंनी तो उचलला, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उरलेलं पाणी हंड्यात ओतलं. वर झाकण ठेवलं.