उपाशी कोळसा

मी बांबूचा बुडखा बोलतोय. म्हणजे होतो, आता कोळसा आहे आणि गडचिरोलीकडच्या एका धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, सुखाने पडलोय.

जन्मापासून मी वाकडा आणि गाठाळ. सोमारी सुपं-टोपल्या विणायची, पण मला चिरता चिरता तिने हात टेकले आणि कुंपणाशी फेकून दिलं. उन्हाळ्यात बचत गटाच्या माधवीने लोखंडी ड्रम आणला. माझ्यासारखे सगळे टाकाऊ बुडखे त्यात रचले, वरून पेटवले, आणि धूर विरळ होताच झाकण घालून कडा मातीने लिंपल्या. हवा मिळाली असती तर माझी राखच झाली असती.

सोमारीची बांधी बरड, पाणी टिकायचं नाही. घरचं धान जानेवारीतच संपायचं. मग ती मिरची तोडायला तेलंगणात जायची आणि तिची लेक निशा मावशीकडे राहायची. यंदा निशा दहावीला होती.

"आई, यंदा जाऊ नको ना. तू नसली का माहा अभ्यास होत नाई," ती म्हणाली.

कोळसा मातीत ओल धरून ठेवतो, असं माधवीने सांगितलं होतं, म्हणून सोमारीने मला बांधीत टाकलं. आणि मी काय केलं? सांगायला लाज वाटते. जळून अंगाला नुसती छिद्रं पडलेली, पोट रिकामं. मातीतलं खत मीच गिळून बसलो. रोपांची रोवणी झाली आणि धान पिवळं पडलं.

शेजारचे सोमाजीभाऊ शेताच्या धुऱ्यावर येऊन म्हणाले, "काऊन वं सोमारी, वावरात कोळसा टाकून राह्यली? चुलीत घालाचा होता."

माधवी धावत आली. "बाई, चुकलं माहं. सांगाचं राह्यलं. कोरा कोळसा उपाशी असते, त्याले आधी शेण-गोमूत्रात मुरवा लागते."

आता सोमारी मला शिव्या घालणार, असं वाटलं. पण ती म्हणाली, "उपाशी हाये, तं खाऊ घालू."

आठ दिवस तिने शेण-गोमूत्राच्या बादल्या वाहिल्या. मी पोटभर जेवलो. पुढे पावसाने वीस दिवस दडी मारली, तेव्हा धरून ठेवलेली ओल मी थेंबाथेंबाने सोडली. धान हिरवं झालं, भरलंही.

परवा मिरचीवाल्यांची गाडी आली होती. सोमारी म्हणाली, "यंदा नाई येत, भाऊ. घरी तांदूळ हाये."

मी कुजत नाही, इथेच राहीन. तुमच्याकडे असे बुडखे पडले असतील तर उचला, कोळसा करा. फक्त शेतात टाकण्याआधी जेवू घाला.

घर बांधीला लागूनच आहे. निशा दारात बसून मोठ्याने धडा वाचते, आणि आई तिला जेवायला हाक मारते. जानेवारीत ही हाक मी पहिल्यांदाच ऐकतोय.