ना ओला, ना सुका

१४ मार्च, शुक्रवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. दार उघडले तेव्हा उंबऱ्याबाहेर माझ्याच पिशव्या ओळीने उभ्या होत्या : तीन.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्या जिन्याखाली, इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी नेऊन ठेवल्या होत्या. आत दोन मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमधील आठवड्याची माती होती, एकूण साडेआठ किलो. कोणीतरी ती दोन मजले वर चढवून माझ्या दारात परत आणून ठेवली होती. एवढे कष्ट माणूस रागाशिवाय घेत नाही.

खाली कचरागाडी उभीच होती. मी कठड्यावरून विचारले, तेव्हा गाडीवाली बाई कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, "आजोबा, मागच्या शुक्रवारी तुमची पिशवी माझ्या पायावर फुटली. घरी जाऊन दोनदा पाय धुतले तरी माझी पोरगी जवळ येईना. आता वजनदार आणि गळकी पिशवी मी उचलणार नाही. सांगून ठेवते."

"मग मी ती टाकायची कुठे?"

"ते तुम्ही बघा. मांजरं तुमची."

मांजरे खरे तर माझी नव्हेत. ती सूनबाईची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत आली. त्यांतला बोका रोज सकाळी घरभर फिरून प्रत्येकाचे काम तपासतो, म्हणून त्याचे नाव मी मुकादम ठेवले. दुसरी अंगाने लहान आणि स्वभावाने बोचरी, ती चिमटी. सूनबाईला दिवस गेले आणि डॉक्टरांनी बजावले की मांजरांच्या घाणीला तिने हात लावायचा नाही, त्यातून पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. चिरंजीव कामानिमित्त सहा महिने परगावी. त्याच दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी निकाल दिला, "धाकटीकडे पाठवून देऊ दोघांना." धाकटी म्हणजे माझी मेहुणी, तिचे घर मोठे, अंगण मोठे, आणि मांजरे बाहेर सोडायची तिची तयारी. जन्मात उंबरा न ओलांडलेली ही दोन जनावरे त्या अंगणात किती टिकली असती, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. सूनबाईने चिमटीला उचलले आणि आत जाऊन दार लोटून घेतले. तेव्हा मी म्हणालो, "थांबा. हे काम माझ्याकडे द्या."

असे म्हणण्याला आधार होता. तंत्रनिकेतनाची पदविका घेतल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी एका ओतकाम कारखान्यात वाळू विभाग सांभाळला. वितळलेले लोखंड ज्या साच्यात ओततात तो वाळूचा असतो, आणि वाळूचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून तीत चिकणमाती मिसळतात. मांजरांच्या ट्रेमध्ये घालतात तीही त्याच जातीची चिकणमाती. ज्या मालाशी आयुष्य काढले, तो दोन मांजरांनी ओला केला म्हणून मला काय जड जाणार होता?

काम मी पद्धतशीर आखले. मागची गॅलरी फक्त मांजरांसाठी. सूनबाईने तिकडे फिरकायचे नाही, म्हणून दारावर सूचना : 'प्रवेश बंद'. रोज संध्याकाळी मी थापी घेऊन ट्रेमधली माती तळापासून खालीवर करायचो, ढेकळे फोडायचो, हवा खेळवायचो आणि पृष्ठभाग सपाट करून ठेवायचो. कारखान्यात पाळी संपताना आम्ही वाळूचे हेच करीत असू. गुरुवारी सगळी माती काढायची, ट्रे धुवायचा, नवी भरायची. यात कुठे काय चुकत होते ते मला दिसत नव्हते; पण चौथ्या-पाचव्या दिवशीच मातीचा चिखल व्हायचा, गॅलरीत डोळे चुरचुरायचे आणि पिशवी शिशासारखी जड व्हायची.

तीन पिशव्या घेऊन मी पुन्हा घरात शिरलो, तेव्हा सौभाग्यवती चहा गाळत होत्या.

"परत आल्या वाटतं माहेरी?" त्या म्हणाल्या.

मी फोनकडे वळलो. स्वच्छता कार्यालयात चौथ्या प्रयत्नाला एका गृहस्थांनी फोन उचलला. मी अडचण सांगितली.

"ओला कचरा की सुका?"

"चिकणमाती आहे. मांजराची लघवी मुरलेली."

"म्हणजे ओला."

"पण ती कुजत नाही. ओल्या कचऱ्याचं तुम्ही खत करता ना?"

"करतो. मग माती ओल्यात नको. सुक्यात टाका."

"सुका कचरा तुमच्याकडे हातानं निवडतात."

"अरे बापरे. मग सुक्यात अजिबात नको."

"मग कशात?"

पलीकडे बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज आला. "माती म्हणालात ना? माती, विटा, सिमेंट हे सगळं राडारोड्यात येतं. तक्रार नोंदवून घेतो. गाडी येईल."

"अहो, साडेआठ किलोंसाठी ट्रक पाठवणार तुम्ही?"

"किती किलो ते आमच्याकडे लिहायला जागा नाही," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी चिरंजीवांना फोन केला. ते घाईत होते. "बाबा, एवढं काय त्यात? संडासात टाकून फ्लश करा."

"ती माती पाण्यात कित्येक पट फुगते. संपूर्ण इमारतीचं ड्रेनेज तुंबेल. शिक्षण कशात झालंय तुझं?"

"हिशेब तपासणीत," तो म्हणाला, आणि तेही खरेच होते.

रात्री जेवताना सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, मातीबद्दल मी एक सांगू का?"

"तू काहीही करायचं नाहीस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"करत नाही हो. नुसतं सांगते."

"सांगता सांगता करायला लागशील. मी समर्थ आहे."

सौभाग्यवती ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या, "धाकटीला पुढच्या रविवारी बोलावलंय. टोपल्या घेऊनच येते म्हणाली. तोवर तुमचं सामर्थ्य दाखवा."

पिशव्या गॅलरीत साठल्या आणि वास भिंती ओलांडून गेला. मंगळवारपर्यंत ट्रेची अवस्था अशी झाली की मुकादमाने त्यावर बहिष्कारच घातला आणि आपला निषेध माझ्या चपलेत नोंदवला. ठरलेल्या गुरुवारची वाट न पाहता मी त्याच दिवशी माती बदलली. आता पिशव्या सहा झाल्या. वजन कमी करायचे तर ओल काढली पाहिजे, या विचाराने मी त्यांतल्या दोन गच्चीवर नेऊन प्लास्टिकच्या कापडावर पसरल्या. उन्हाने ओल निघू लागली, आणि तिच्याबरोबर जे काही निघाले ते वाऱ्याने चौथ्या मजल्यावर पोचवले.

संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले.

"काका, गच्चीवर काय वाळत घातलंय?"

"माती."

"कसली?"

मी सांगितले. त्यांनी रुमाल आणखी घट्ट दाबला. "पाण्याची टाकी तिथंच आहे हो! चौथ्या मजल्यावरच्या आजी विचारतात, गॅस गळतोय का? मी मांजरांच्या विरोधात नाही, काका. पण हे थांबलं नाही तर मला सगळ्यांची बैठक बोलवावी लागेल, आणि बैठकीत काय ठरेल ते मी आत्ताच सांगतो."

"काय ठरेल?"

"मांजरं जातील."

मी गच्चीवर जाऊन ती माती पुन्हा भरली आणि सहाही पिशव्या जाड प्लास्टिकात गुंडाळून घट्ट बांधल्या. खाली आलो तर सौभाग्यवती मेहुणीशी फोनवर बोलत होत्या, "टोपलीला झाकण असू दे गं, बोका दांडगा आहे." माझी सहनशक्ती तिथे संपली. थापी खिळ्याला अडकवली आणि मी मोठ्याने जाहीर केले, "आजपासून माझा संप. पाठवा त्यांना अंगणात. तीन आठवडे मी या घरासाठी चिखल तुडवतोय, आणि प्रत्येकाला फक्त माझ्या पिशव्या मोजता येतात!"

सूनबाईच्या खोलीचा दिवा त्या दिवशी लवकर मालवला गेला, आणि ते मला सेक्रेटरीच्या रुमालापेक्षा जास्त लागले.

बुधवारी मी गॅलरीत पाऊल टाकले नाही. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचले. मुकादम दोनदा येऊन माझ्यासमोर बसला आणि माझे काम बंद असल्याची नोंद घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी राहवले नाही. संप माझा होता, जनावरांचा नव्हता. डोळे चुरचुरतील म्हणून श्वास रोखूनच गॅलरीचे दार उघडले. पण वास नव्हता, निदान रोजच्यासारखा नव्हता. मी ट्रेपाशी वाकलो. मंगळवारी भरलेली माती जवळजवळ कोरडी होती आणि तिच्यात अंड्याएवढी, काही मुठीएवढी ढेकळे ठिकठिकाणी बसली होती. मी एक ढेकूळ चिमट्याने उचलले. ते फुटले नाही. वाळूच्या साच्यातून ओतीव तुकडा काढावा तसे अखंड बाहेर आले आणि खालची माती भुरभुरून आपल्या जागी पडली.

तसाच उकिडवा बसून मी त्याकडे पाहत राहिलो. चिकणमाती ओल धरते आणि घट्ट होते; याच गुणावर आमचा सगळा कारखाना चालायचा. इथेही तिने पहिल्या दिवसापासून तेच केले होते. घाण गोळा करून, बांधून, उचलायला तयार करून ठेवली होती. आणि मी रोज संध्याकाळी थापी घेऊन ती फोडत होतो आणि चांगल्या मातीत एकजीव करून टाकत होतो. लोखंडासाठी वाळू सगळीकडे सारखी ओलसर लागते. मांजरांसाठी ती तशी करण्याचे काम माझ्याशिवाय जगात कोणी मन लावून केले नसेल.

जाळीच्या झाऱ्याने सगळी ढेकळे काढली. एका लहान पिशवीत मावली. पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारली. दोन दिवसांचे वजन सव्वा किलोसुद्धा भरले नाही.

सूनबाई 'प्रवेश बंद'च्या अलीकडे उभी होती. "ढेकळं फोडायची नसतात, बाबा. मी तेच सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज उगाच चढला.

"तुम्ही समर्थ होतात ना," ती म्हणाली, आणि हसू लपवायला तिने चिमटीच्या पाठीत तोंड खुपसले.

पिशवी घेऊन मी स्वतः खाली गेलो. गाडीवालीने ती हातात धरली, उलटी केली, हलवून पाहिली. "एवढीच?"

"एवढीच."

"मग आधी डोंगर कशाला पाठवत होता? ही गाडीवरच्या डायपरच्या डब्यात जाईल. रोज द्या, साठवू नका."

गॅलरीतल्या सहा पिशव्या मात्र तशाच होत्या, आणि त्या ती कोणत्याही परिस्थितीत घेणार नव्हती. शनिवारी दुपारी इमारतीसमोर राडारोड्याचा ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून फावडी घेऊन दोन माणसे उतरली आणि विचारू लागली, भिंत कुठे पाडली? मी सहा पिशव्या दाखवल्या. ड्रायव्हरने पिशव्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, हातातल्या कागदाकडे पाहिले. "कागदावर राडारोडा लिहिलंय," तो म्हणाला, आणि त्या रिकाम्या, अवाढव्य ट्रकच्या मधोमध माझ्या पिशव्या निघून गेल्या. सेक्रेटरी खिडकीत उभे होते. त्यांच्या हातात रुमाल होता, पण नाकाला नव्हता.

रविवारी मेहुणी झाकणाच्या दोन टोपल्या घेऊन आली. चप्पल काढता काढताच तिने हवा हुंगली. "ताई, वास कुठाय गं? तू तर म्हणालीस, उभं राहवत नाही."

सौभाग्यवतींनी गॅलरीचे दार उघडून स्वतः खात्री केली. त्यांना आनंद झाला की अडचण, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला ठरवता आले नाही. "होता. परवा-परवापर्यंत होता," त्या म्हणाल्या. मग सूनबाईकडे पाहिले; ती सोफ्यावर बसून होती, एक हात पोटावर आणि दुसरा मुकादमावर. "राहू देत आता. तुझ्या टोपल्यांना भोकं तरी कुठेत?"

"काय केलंत हो भाऊजी, एवढं?" मेहुणीने मला विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. आणि तेवढेच करायचे राहिले होते, हे तिला सांगण्याची माझी इच्छा नव्हती.

२३ मार्च, रविवार, सायंकाळ. दारात परत आलेल्या पिशव्या : शून्य. परत गेलेल्या रिकाम्या टोपल्या : दोन. घरातील मांजरे : दोन.