ज्येष्ठमधाच्या होड्या

माझी मावशी होड्या बनवते. इतक्या बारीक, की एका केसाच्या जाडीत त्यांची शेकडोंची रांग लागेल. वर्गात हे सांगितलं तर मैत्रिणी म्हणाल्या, "फेकू नकोस!" मी कशाला फेकू? शाळा सुटली की मी रोज तिच्या प्रयोगशाळेत जाऊन बसते, डोळ्यांनी बघते.

तिथे एक गोल काचेचा चंबू गरम पाण्यात तिरका टेकून संथ गरगरत असतो. सोयाबीनमधून काढलेलं लेसिथिन नावाचं स्निग्ध काहीतरी आणि ज्येष्ठमधाच्या मुळाचा अर्क, दोन्हींचा मिळून आतून पातळ थर बसतो. मग मावशी पाणी घालते, आणि तो थर सुटतो, वळतो, आपला आपणच मिटून बुडबुडे होतो. प्रत्येक बुडबुड्याच्या अंगात चिमूटभराच्याही चिमटीइतकं ज्येष्ठमध. याच तिच्या होड्या.

"ज्येष्ठमध कातडीची आग शमवतं, पण नुसता अर्क कातडीच्या दाराशी ताटकळत बसतो गं," मावशी म्हणते. "आणि हे बुडबुडे कातडीच्या स्निग्धपणाशी नातं लावून आत शिरतात. सोयरीकच म्हण."

तयार पाणी खिडकीसमोर धरलं की पातळ दुधासारखं दिसतं, पण निळसर. त्याच्याकडे बघता बघता माझी तंद्री लागते. मी स्वतःच एका होडीत बसलेली असते. दोन्ही बाजूंना कातडीच्या विटांच्या उंच भिंती, मधून अरुंद गल्ली, वल्हं नाही, आवाज नाही. कुठेतरी खोल, लाल उजेडात, कुणीतरी वाट बघत असतं.

ते कुणीतरी म्हणजे आईचे हात.

आई पार्लरमध्ये केस धुते, कापते, रंगवते. डोकं हातात आलं की त्या माणसाचा दिवस कसा गेला, हे तिला बोटांनी कळतं. पण रंग आणि शाम्पू खाऊन खाऊन तिच्या बोटांना भेगा पडल्या. डॉक्टरांचं मलम झालं, सुट्टी झाली, कामाला लागली की पुन्हा तेच. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकं दचकतात हो. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही काउंटरवर बसा. फोन घ्या, वेळा लिहा."

घरी येऊन आई म्हणाली, "फोन घ्यायला मी कशाला? पोपट पाळा म्हणावं!" त्या रात्री ती मावशीशी फोनवर भांडलीसुद्धा नाही. आमच्या घरात हे फार झालं.

मावशीने निळसर पाण्याची बाटली आणली. आधी आईच्या कोपराच्या आत थेंब लावून पाहिला, काही झालं नाही, तेव्हाच बाटली हातात दिली. पण महिना निम्मा सरला तरी भेगा आपल्या जागी.

"तुझ्या होड्या बुडाल्या बाई," आई म्हणाली.

मावशी हसली नाही. चंबूसमोर तोंड पाडून बसायला लागली.

मग एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. आई ओट्याशी उभी. हातात रंग कालवायची वाटी आणि चपटा ब्रश. तिने वाटीत मावशीच्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, वर हात धुवायचा पातळ साबण पिळला आणि अगदी सराईतपणे घोटायला लागली.

"अगं आई, काय करतेस?"

"काय म्हणजे? कालवतेय. रोज लागेल तेवढं कालवते. आमच्यात कुठलीही गोष्ट कालवल्याशिवाय लावत नाहीत. हात धुवून होतात, औषधही मुरतं." तिने वाटी माझ्यापुढे धरली. "बघ कसं एकजीव झालं! एक गुठळी नाही."

मी बघितलं. निळसर दूध कुठे गेलं? वाटीत नुसतं स्वच्छ, पारदर्शक पाणी होतं. तळाची नक्षीसुद्धा दिसत होती. डोळ्यांसमोर माझ्या सगळ्या गल्ल्या रिकाम्या झाल्या.

"आई! फुटल्या गं सगळ्या!"

मावशीला फोन लावला. तिने ऐकलं, आणि मग पलीकडून असं काही हसू आलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "ताई! साबणाचं कामच स्निग्ध पदार्थ फोडायचं! माझ्या होड्या तू किनाऱ्यावरच विरघळवल्यास!"

"मला काय माहीत? तू सांगायचंस!"

"औषध साबणात घोटू नकोस हे सांगायचं?"

"मी कालवणारी बाई आहे, तुला माहीत नाही?"

दोघी भांडल्या, आणि मला इतकं छान वाटलं की विचारू नका. दुसऱ्या दिवशी नवी बाटली आली. हात धुवायचे, पुसायचे, मग नुसतं तेच लावायचं. रंग लावताना हातमोजे घालायचे. आईने कुरकुरत सगळं ऐकलं. लावून झालं की ती तळवे वर करून खिडकीत बसायची, आणि मी तिच्याजवळ बसून वाहत जायचे, आत, आणखी आत. एके दिवशी तिने माझा गाल धरला, आणि तिचा हात टोचला नाही. मी हळूच तिच्यावरून बोटं मोडली. दृष्ट लागते म्हणतात.

महिनाअखेर शनिवार होता, म्हणून मीही पार्लरमध्ये. मालकीणबाई आल्या. "हात दाखवा बघू."

बोटांवर अजून दोन-तीन बारीक रेघा होत्या. आईने हात पाठीमागे घेतले. "हात काय बघता? डोकं द्या."

मालकीणबाई "चला, नाटकं नकोत" म्हणत बेसिनच्या खुर्चीवर टेकल्या. पाणी सुटलं. आईची उघडी बोटं केसांत शिरली आणि कपाळापासून मानेपर्यंत सावकाश फिरायला लागली. बाहेरचा उजेड फेसावर उतरला होता. खोली हळूहळू तरंगायला लागल्यासारखी वाटली.

"तर काउंटरचं मी काय म्हणत होते..." मालकीणबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य आलंच नाही.

इतक्यात काउंटरवरचा फोन वाजला. आईने मला मानेने खुणावलं. मी धावत जाऊन उचलला.

"हो, केस आईच धुते," मी कुजबुजले, कारण मालकीणबाई घोरत होत्या. "पुढच्या महिन्यात? या की!"