आयलीबाईंचं मत

मित्रांनो, लोकरीच्या गुंड्यांखाली दबलेला हा जुना प्रिंटर म्हणजे मी. मिशिगनच्या उत्तरेला, आयली कोस्केलाबाईंच्या घरी मला नऊ वर्षं झाली. नवा होतो तेव्हा मिनिटाला वीस कागद छापत असे. पुढे बाईंचा मुलगा ईरो नौदलात गेला आणि मला कुणी विचारेनासं झालं.

आयलीबाईंना दिसत नाही. त्यांच्या मतपत्रिकेवर खुणा करायचा तो त्यांचा थोरला भाऊ रेइनो, आणि करताना त्याचं तोंडही चालायचं. "अगं, याला मत? याला धड दारातला बर्फ उपसता येत नाही!" बाई हसायच्या, पण आतून त्यांना वाईट वाटायचं. आपलं मत फक्त आपल्यालाच ठाऊक असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

यंदा जहाजावरून ईरोचा फोन आला. "आई, मला मतपत्रिका संगणकावर येते ना, तशी तुलाही मिळते आता. संगणक वाचून दाखवेल. तू निवड, छाप आणि पाकिटात घाल."

मतदानाच्या दिवशी बाईंनी लोकर उचलली आणि मला सुरू केलं. मला केवढा आनंद झाला! पण माझी शाई केव्हाच सुकली होती. घरघर करत मी कोराच कागद बाहेर टाकला. माझा लाल दिवा लुकलुकत होता, पण तो बाईंना कसा दिसणार? त्यांनी खुशीत कागदाची घडी घातली, पाकिटावर सही केली. मी शरमेने मेल्याहून मेलो.

पाकीट चिकटवणार, तोच त्यांना गावातल्या मतपेटीकडे न्यायला रेइनो आला. "आयले, तुझा प्रिंटर डोळे वटारतोय बघ!"

बाईंनी घाबरून कागद बाहेर काढला. "दादा, यावर काही उमटलंय का?"

"कोरा करकरीत! आण इकडे, मीच करतो खुणा."

"खुणा नकोत, शाई आण. रात्री आठला पेटी बंद होते."

कुरकुरत का होईना, रेइनो तीस मैल जाऊन आला. मी जीव ओतून छापलं.

"आता चष्मा काढ आणि दाराशी उभा राहा," बाई कागद उंच धरून म्हणाल्या. "दिसतंय काही?"

"मुंग्यांची रांग दिसतेय, बाई! पण दिलंस कुणाला?"

"ते तुला सांगायचं असतं, तर शाई कशाला मागवली असती?"

सातला पाकीट पेटीत पडलं. घरी येताच बाईंनी मला मायेने पुसलं.

मित्रांनो, महिन्यातून एखादा तरी कागद आमच्याकडून छापून घ्या, शाई सुकू देऊ नका. कुणाचं काय त्यावर अडलेलं असेल, सांगता येत नाही.

रेइनो अजूनही येता-जाता माझ्याकडे संशयाने बघतो. बाईंचं मत माझ्याच पोटातून गेलंय, हे त्याला माहीत आहे. बघू दे खुशाल! मी दिवासुद्धा लुकलुकवत नाही.