शेवाळाचे दिवस

जयमालाने बाटली पाण्यात बुडवली आणि वर काढून उजेडात धरली. वाटलेल्या मुगासारखा हिरवा रंग. धरणाच्या काठाला त्याच रंगाची साय धरली होती आणि वाऱ्याबरोबर कुबट वास येत होता.

सरपंच येसाजी शेवाळ मारायला मोरचुदाची पोती टेंपोत घालूनच आले होते. काशीदकडे सुट्टीची गर्दी सुरू झाली होती. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून खानावळवाले, लॉजवाले रोज त्यांच्या दारात उभे. मागे एकदा असंच मोरचूद टाकलं होतं, पाणी लगेच निवळलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

जलशुद्धीकरण केंद्र जयमालाच्या हाती येऊन वर्षही झालं नव्हतं. तिने त्यांना शांतपणे सांगितलं, की हे नेहमीचं शेवाळ नव्हे. याच्या पोटात विष असू शकतं. एकदम मारलं तर ते सगळं पाण्यात उतरेल, आणि पाणी कितीही उकळलं तरी जाणार नाही.

“मग करायचं काय?”

“पिण्यासाठी हे पाणी बंद. धरण निवळेपर्यंत.”

गावाचं पाणी बंद करायचं, आणि ते बौद्धवाडीतल्या मुलीने, यावर लोक काय बोलतील हे येसाजींना कळत होतं. तिलाही कळत होतं. शेवटी त्यांनी टेंपो मागे वळवायला सांगितला.

नळाचं पाणी धुण्यापुरतं राहिलं. संध्याकाळी ती बाजारातून जाताना दुकानाच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं, आता ह्या आपलं पाणी तोडणार. जयमालाने ऐकलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती चालत राहिली.

प्यायला पाणी आणायचं कुठून, हा खरा प्रश्न होता. समुद्र जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात बहुतेक विहिरी मचूळ होत. गोडी टिकून होती ती फक्त सगुणाबाईंच्या सुपारीच्या वाडीतल्या विहिरीची. टँकर तिथून भरता आला असता, पण आधी पाणी तपासायला हवं होतं.

जयमाला वाडीत गेली तेव्हा सगुणाबाई सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा दत्तात्रेय चांगल्या मनाचा. त्याने घासलेली कळशी भरून तिच्यासमोर आणून ठेवली.

“भांड्यातलं चालत नाही,” ती म्हणाली. “बाटली विहिरीतच सोडावी लागते.”

दत्तात्रेयने आईकडे पाहिलं. विहिरीला कंबरभर उंचीचा दगडी चौथरा होता. जयमालाची आजी भिमाबाई लहानपणी त्याच चौथऱ्याखाली घागर घेऊन उभी राहायची, वरून कुणी पाणी ओतेपर्यंत. आता कुणी कुणाला अडवत नव्हतं. पण जयमालाची पावलंही आजवर इकडे कधी वळली नव्हती. आता ती पायरीपाशी आली आणि वाकून चप्पल काढू लागली.

सगुणाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या.

“ऱ्हाऊ दे पायात,” त्या म्हणाल्या. “दगड निसरडा हाय.”

आणि चौथऱ्यावर चढून त्यांनी वरून हात पुढे केला.

पाणी चांगलं निघालं. टँकर वाडीत लागला, सगळ्या आळ्यांत फिरला. इकडे धरणावर जयमाला आणि तिच्या माणसांनी शेवाळ वर तरंगतं म्हणून पाणी घेणारा वरचा दरवाजा बंद करून खालचा उघडला, हवा सोडणारे पंप लावून साचलेलं पाणी हलतं केलं. डोंगराकडच्या एका लॉजचं सांडपाणी ओढ्यातून थेट धरणात येऊन शेवाळाला पोसत होतं. येसाजींनी स्वतः उभं राहून ते बंद करवलं. लॉजवाला त्यांचा सोयरा होता. तरी केलं.

साय हळूहळू विरली. तळाचे दगड दिसू लागले. प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला, तेव्हा जयमालाने पुन्हा एकदा सगळं पाणी नजरेखालून घातलं आणि मगच मुख्य नळाचं चाक फिरवलं. चाक जड होतं. ते तिने कुणाला फिरवू दिलं नाही.

घरी आल्यावर तिने आजीला ताज्या पाण्याचा पेला दिला. भिमाबाईने हुंगून पाहिलं, एक घोट घेतला, मान हलवली. टँकर आता येणार नाही, असं जयमालाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली,

“सगुणीच्या इहिरीवर तू चढली व्हतीस म्हनं.”

“हो. बाटली सोडायला.”

“मला नेशील?”

“तिथलं पाणी हवंय का तुला?”

“पानी न्हाय गं. पानी लय प्यालंय तितलं.” भिमाबाईने पेला खाली ठेवला आणि कोपऱ्यातली काठी जवळ ओढली. “इहीर वरनं कशी दिसते, तेवढं बघायचंय.”