चांदटेकडीची चढण

मुलुंडच्या आमच्या गिरिभ्रमण मंडळाची वाटांची यादी मी करायचो. नोकरी ड्राफ्ट्समनची, त्यामुळे रकाने आखायची खोड हाडीमाशी खिळलेली. अंतर, चढण आणि रविवारी किती माणसं येतात, असे तीन रकाने. बोरिवलीहून कान्हेरी: चार मैल, सोपी, नुसती जत्रा. घाटकोपरच्या टेकड्या: दोन मैल, सोपी, बऱ्यापैकी गर्दी. यादी मंडळाच्या फळ्यावर लागायची आणि लोक तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

त्यात एक ओळ खोटी होती. चांदटेकडी, आमच्याच मागच्या डोंगरातली. खरं तर जेमतेम अडीच मैल, रमतगमत जावं अशी. माथ्यावरून तुळशी तलाव दिसतो. मी लिहिलं, 'सहा मैल, कठीण, सहसा कोणी जात नाही.' कोणी जाऊ नये म्हणूनच लिहिलं. कान्हेरीला जावं तर ट्रान्झिस्टर बोंबलत असतात, संत्र्याच्या सालींचा सडा पडलेला असतो. एक तरी जागा आपली राहू दे की! त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

बहात्तरच्या डिसेंबरात एका संध्याकाळी श्यामसुंदरकाका फळ्यापुढे उभे दिसले. पोस्टातून निवृत्त झालेले, मंडळाचे जुने सभासद. पद्मजाकाकू जाऊन वर्ष झालं होतं, आणि आता पुढच्याच आठवड्यात काका कायमचे लेकीकडे इंदूरला निघाले होते.

"विद्याधर, चांदटेकडी मला झेपेल का रे?" त्यांनी विचारलं. "पद्मजाला फार जायचं होतं तिथे. आमच्या खिडकीतून दिसते ना ती. तीन वर्षं मागे लागली होती. मी आपली तुझी यादी पुढे करायचो. म्हणायचो, अगं, ती वाट काय, तुझे गुडघे काय!"

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण आजूबाजूला चार माणसं होती, आणि जीभ रेटेना. "मी नेतो तुम्हाला," एवढंच म्हणालो. "हळूहळू जाऊ."

रविवारी काका जय्यत तयारीनं आले. हातात काठी, गुडघ्यांना पट्ट्या, पिशवीत ग्लुकोजचा डबा, आणि न जाणो काही झालं तर म्हणून खिशात लेकीच्या पत्त्याची चिठ्ठी. वाट सागाच्या झाडांतून सावकाश वर जात होती. काका दम राखून, जपून पावलं टाकत होते.

"कठीण चढ आला की आधी सांग हं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "आता येईल ना?"

मी नुसती मान हलवली. ग्लुकोजचा डबा उघडायची वेळच आली नाही. दोनेक तासांत झाडी विरळ झाली आणि माथा अगदी समोर दिसायला लागला.

"अरे, आलोच की आपण! मग ती कठीण चढण कुठाय?"

"काका, कठीण चढण नाहीच आहे."

मग सगळं सांगून टाकलं. गर्दी, ट्रान्झिस्टर, संत्र्याच्या साली. माझी कारणं किती पोरकट आहेत ते बोलता बोलता माझं मलाच कळत होतं.

काका एका दगडावर बसले. "म्हणजे ती आली असती," ते म्हणाले. "बसत, उठत, कुरकुरत. पण आली असती."

"चुकलो मी, काका. यादी आजच बदलतो."

"बदल ना. पण तिला कोण सांगणार?"

ते रडायला लागले. मी खाली मान घालून उभा राहिलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डोळे पुसून काका उठले. "फार रागावलोय मी तुझ्यावर, विद्याधर. इंदूरला गेलो तरी हा राग जायचा नाही," म्हणाले, आणि हात पुढे केला. "आता धर. तलाव कुठून नीट दिसतो ते तुलाच ठाऊक."